बाप समोर असताना

उत्तमच्या डोक्यावरून दगडू न्हाव्यानं नुसता हात फिरवला, तर केसांचा झुबकाच त्याच्या मुठीत आला. दगडूनं वस्तरा मिटून फळीवर ठेवला.

"नाही जमायचं, विठोबा. तू इथं धडधाकट उभा, आणि मी तुझ्या पोराचा गोटा करू? बाप असताना? घोडपदेवात तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला."

उत्तम खुर्चीतून उठलाच. "मी म्हटलं होतं ना, बाबा. घरी चला. इस्पितळात पण यायचं नाही मला."

विठोबानं त्याचा दंड धरला. संपात मिल गेली, तेव्हापासून पोरगा भायखळ्याच्या बाजारात टोपल्या उचलत होता. अंडकोषाला गाठ आली, तर ओझ्यानं आली असेल म्हणून गप्प बसला. लाजेपायी बापाला बोलला नाही, आईला तर नाहीच. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं. परळच्या डॉक्टरांनी गाठ काढली, पण आजार तोवर पोटात, फुफ्फुसात पोचला होता. "तरी हा कॅन्सर औषधाला दाद देतो," ते म्हणाले होते. "फक्त त्या औषधाची सलाईनं अर्धवट सोडायची नाहीत."

पहिल्या सलाईनच्या उलट्या पोरानं दात-ओठ खाऊन सोसल्या. मग केस गळून डोकं उघडं पडायला लागलं, आणि चाळीत नवी आलेली एक बाई शेजारणीला हळूच विचारून गेली, "विठोबा कधी गेले?" तेव्हापासून उत्तम सलाईन नको म्हणून अडून बसला होता. आज दुसरं सलाईन होतं.

"तुमच्या जिवावर उठून मला बरं व्हायचं नाही," उत्तम म्हणाला.

विठोबाचं टाळकं सरकलं. "माझ्यामुळे अडलंय काय?" गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर तो सरळ आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. "घे. मेलो. चालव वस्तरा."

"अरे, भलतंसलतं काय बोलतोस!" दगडू ओरडला.

"बाबा, उठा. लोक बघतायत."

"गप रव. मेलेल्या माणसाशी कोण बोलतं?"

दगडूनं कपाळाला हात लावला, देवाचं नाव घेतलं आणि उत्तमला खांदे धरून खाली बसवलं. वस्तऱ्याची खरखर सुरू झाली. उत्तम हुंदके देत होता. ते विठोबाला ऐकू येत होतं, पण आता उठायची सोय नव्हती. मिटल्या डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून बाकड्यावर गळत राहिलं.

डोकं साफ झालं. सवयीनं दगडूचा वस्तरा उत्तमच्या मिशीकडे वळला.

"खबरदार!" विठोबा ताडकन उठून बसला. "मिशीला हात लावशील तर बघ! बाप जिवंत आहे त्याचा."

उत्तमला रडता रडता हसू फुटलं. आरशात बघत त्यानं मिशीवरून बोट फिरवलं आणि गळ्यातलं फडकं सोडलं.

"चला, बाबा. परळला उशीर होतोय."