त्रेचाळीस इंची ऑफिस

“आई, हा आता टीव्ही नाहीये. मॉनिटर आहे. माझं ऑफिस आहे हे!” ज्ञानेश वैतागून म्हणाला.

“बरं,” म्हणत सरुबाई मेथीची जुडी घेऊन त्याच्या ऑफिससमोर मांडी घालून बसल्या. शेजारच्या कुसाबाईही येऊन टेकल्या. त्यांची मालिका बघायची वेळ झाली होती, आणि त्या वेळी पडद्यावर जे लागेल ते बघायचं हा दोघींचा नेम.

लॅपटॉपच्या बारक्या स्क्रीनवर म्हणे ज्ञानेशचं कर्तृत्व मावत नव्हतं. म्हणून इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमधला एकुलता एक टीव्ही त्याने केबल जोडून ताब्यात घेतला होता. टीम लीडर व्हायचं होतं ना! आता एवढ्या थोर माणसाला वेळेवर चहा नको? गरम पोळी नको? तेव्हा त्याच्या बायकोने, शुभांगीने, द्वारका चौकाजवळच्या पतसंस्थेतली नोकरी सोडावी, असं मायलेकांनी ठरवलं. तिला विचारलं नाही असं नाही हं. ठरवून झाल्यावर विचारलं. नोकरीत तिचा जीव होता. काल राजीनामा लिहिताना ती ढसाढसा रडली, तर ज्ञानेश म्हणाला, “कांदा चिरत होतीस का?”

आज ती तो राजीनामा द्यायला निघाली होती.

इकडे मीटिंग सुरू झाली. पडद्यावर चौकोन उघडले. मोठ्या चौकोनात साहेब, एकात मांडीवर बाळ घेतलेली, त्याच्या टीममधली अंजली, एकात इस्त्रीच्या शर्टातला ज्ञानेश. खाली त्याने बर्म्युडा घातली होती, पण ते साहेबांना कुठं दिसतंय?

“ही पोर लय गुणाची,” सरुबाई अंजलीकडे बघत कुजबुजल्या. “काल याच पडद्यावर हिनंच तो रिपोर्टाचा सगळा तक्ता करून दिला. याला समजावून सांगता सांगता घसा बसला बिचारीचा.”

“बघितलं ना मी,” कुसाबाई म्हणाल्या. “हा नुसता हं हं करत होता.”

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, “रिपोर्ट फारच छान झालाय. कोणी केला?”

अंजलीने तोंड उघडलं. पण ज्ञानेश चपळ. “मीच केला, सर. रात्र रात्र जागलो.”

सरुबाईंचा मेथीवरचा हात थांबला. मालिकेतल्या खोटारड्यांना तोंडावर शिव्या घालायची त्यांची जुनी सवय. शेजारच्या खुर्चीत ज्ञानेश बसलाय याचं त्यांना भानच राहिलं नाही. त्यांनी थेट पडद्यावरच्या ज्ञानेशला झापलं.

“अय मेल्या! खोटं बोलतो व्हय? त्या लेकुरवाळीनं केलं ना ते काल?”

साहेब चमकले. “कोण बोललं?”

आजवर टीव्हीतल्या कुणीच सरुबाईंना उलटून विचारलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने डोक्यावर पदर घेतला. ज्ञानेश आवाज बंद करायचं बटण शोधायला लागला. एवढ्या मोठ्या पडद्यावर नेमकं तेच त्याला सापडेना. मग कुसाबाई मदतीला धावल्या.

“आम्ही दोघींनी बघितलंय, साहेब. त्याच पोरीनं केलं. शपथ घेते!”

त्रेचाळीस इंचांवर साहेबांच्या कपाळावरची प्रत्येक आठी स्पष्ट दिसत होती. अंजली मान खाली घालून बाळाचं टोपडं नीट करत होती. तिचं हसू काही लपत नव्हतं.

“ज्ञानेश,” साहेब शांतपणे म्हणाले, “लीडरचं आपण अंजलीशी बोलू. तुमचं मग बघू, काय करायचं ते.”

पडदा काळा झाला. ज्ञानेश डोकं धरून बसला. कुसाबाईंना एकदम गॅसवरचं दूध आठवलं आणि त्या पसार झाल्या.

दारात शुभांगी उभी होती. खांद्याला पर्स, हातात राजीनाम्याचं पाकीट. सरुबाईंनी लेकाकडे बघितलं, मग सुनेकडे.

“शुभांगी, ते पाकीट फाडून टाक, बाई,” त्या म्हणाल्या. “घरात एकाची तरी नोकरी राहू दे.”