शाल्मलीचा हिरवा दिवा

निनादने डबा बाकावर आपटला. लगेच त्याच्यापुढचा मन वाचणारा दिवा लाल झाला आणि पेंडसे सर त्याची समजूत काढायला गेले.

शेजारच्या बाकावर शाल्मली गप्प होती. तिची आई कालपासून दवाखान्यात होती, तरी तिचा दिवा हिरवाच होता. हे दिवे फक्त मुलग्यांवर प्रयोग करून बनवले होते. ते मुलगे दुःखात आदळआपट करत, त्यामुळे गप्प बसणारं मूल दिव्याला सुखीच वाटे.

मधल्या सुट्टीत शाल्मलीने विचारलं, "सर, दिवा लाल कसा करायचा?"

"तुला कशाला गं हवा लाल?"

"लाल झाला की तुम्ही येता ना."

सर तिच्या बाकापाशी आले. "सरक जरा," ते म्हणाले.

शाल्मली इतकी सरकली की जवळजवळ सगळा बाक रिकामा झाला.