तीनदा टकटक
बारा नंबरच्या खोलीतल्या पाहुण्याने हात धरला म्हणून मैत्रीण चादरी तशाच टाकून तिच्याकडे पळत आली. दोघी वीस वर्षं याच हॉटेलात खोल्या आवरत होत्या. “चल, साहेबांना सांगू,” म्हणत तिने मैत्रिणीला मॅनेजरच्या केबिनपर्यंत ओढत नेलं. सवयीने तीनदा टकटक केली, “हाउसकीपिंग!” म्हणाली आणि वाट बघत राहिली. आतून हूं की चूं नाही. “अगं, आत कोण ओ देणार?” मैत्रीण रडता रडता हसली. “कालपासून साहेब तूच ना!” तिने स्वतःच्या खिशातली केबिनची किल्ली चाचपली. खरंच की. मग सांगायचं कोणाला, तेच कळेना. पाय मात्र बारा नंबरकडे निघाले. दारावर पुन्हा तीनदा टकटक. “कोण?” पाहुणा खेकसला. “हाउस...” जीभ अडखळली. “मॅनेजर!” आवाज इतका खणखणीत निघाला, की कोण बोललं म्हणून तिनेच मागे वळून पाहिलं.