दुपारचं बटण

घरचा सर्व्हर पुन्हा बंद पडला होता. क्लासमध्ये शिकवता शिकवता रंजनानं फोन पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. थोड्या वेळानं तो सुरू झाला, रोजच्यासारखाच. सासू बटण बंद करते आणि मग घाबरून लावते, दुसरं काय!

भंगारातून आणलेला जुना कॉम्प्युटर तिनं सर्व्हर म्हणून देव्हाऱ्याशेजारी बसवला होता. लेकीला मांडीवर थोपटत, दुसऱ्या हातानं ती हे सगळं शिकली. लेकीचे फोटो, क्लासचे धडे, स्वतःची वेबसाइट, सारं त्या खोक्यातूनच चालायचं. पुण्याच्या कंपनीची अट एवढीच होती, की आठवडाभर सर्व्हर अखंड चालवून दाखवा आणि नोकरीला पुण्याला या. पहिला आठवडा वाया गेला होता. आता उद्यापासूनचा आठवडा ही शेवटची संधी.

संध्याकाळी ती सासूपुढे, सरलाबाईंपुढे, उभी राहिली. दुपारी घरात दुसरं असतं कोण? नवरा, भूपेंद्र, तर जेवायला येतो आणि चार घास ढकलून कारखान्यात पळतो.

"हेच तुमच्या मुलानं मांडलं असतं, तर हात लावला असता का?"

सरलाबाई मान खाली घालून मेथी निवडत राहिल्या.  ते पाहून रंजना आणखीच पेटली.

भूपेंद्रनं तिची समजूत काढली. आईला त्यातलं काय कळतं, विजेच्या बिलाला भीत असेल, म्हणाला. आठवडाभर बारडोलीला ताईकडे पाठवू, हेही त्यानंच सुचवलं आणि सकाळी स्वतः बसमध्ये बसवून आला. निघताना सरलाबाईंनी नातीचा मुका घेतला आणि सुनेला हळूच म्हणाल्या, दुपारी घरी थांबता आलं तर थांब. जाता जाताही हुकूमच!  लेकीला कडेवर घेऊन रंजना क्लासला गेली.

दुपारी सर्व्हर बंद पडला.

ती वाट पाहत राहिली. आज तो सुरू होईना. वीज गेली असेल म्हणून शेजारच्या मालतीबाईंना फोन करून विचारलं, तर त्यांच्याकडे पंखा चालू होता. शेवटी तिनं बारडोलीला फोन लावला.

"आई, सर्व्हर बंद आहे."



"भूपेंद्र आते जेवीसन, बटन बंद करीसन गया व्हई," सरलाबाई म्हणाल्या. "तू घर जाय, बटन दाबी दे. मी रोज तेच करस."