शेजारधर्म

नऊ वर्षांपूर्वी दुकानासाठी काढलेलं बँकेचं कर्ज थकलं, पुढे दुकानही गेलं. वसुलीवाल्याला फोनवर खरं तेच सांगितलं, नावावर काहीच उरलेलं नाही. तो म्हणाला, "शेजारीपाजारी विचारतो. खरं निघालं तर निम्म्यात मिटवू."

काल बाहेरून आलो, तर शेजारच्या मीनावहिनी जिन्यातच थांबलेल्या.

"भाऊ, दोघं जण तुमची चौकशी करून गेले. स्नेहलसाठी स्थळ बघताय ना, तिकडचेच असणार. मी सांगितलं, पिंपळगावला चार एकर द्राक्षबाग आहे, गंगापूर रोडला फ्लॅट घेतलाय. लग्नाच्या चौकशीत थोडं वाढवूनच सांगावं लागतं."

मी पायरीवरच बसलो.

 

"काळजी करू नका, सगळं लिहून घेत होते. इतक्या आस्थेनं विचारणारं स्थळ मी पहिल्यांदाच पाहिलं."