रामहरीची गदा

रामहरीने दोन्ही पाय रोवले, कमरेत बळ आणलं आणि गदा उचलली. ती रिकाम्या टोपलीसारखी वर आली आणि तो मागच्या मागे खाटेवर बसला.

मेघा खुदकन हसली. "मामा, कागदाची आहे. तुमच्यासमोरच तर चिकटवली."

तसा त्याचा दोष नव्हता. चितेगावच्या कंपनीत त्याचं अर्धं आयुष्य लोखंड कापण्यात गेलेलं, तरी तो फसला. भाचीची करामतच तशी होती. गेल्या जत्रेत फुटलेल्या कागदी गोळ्यावर तिनं फेविकॉलात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या चढवल्या. वर काळा रंग दिला. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं चंदेरी रंग फक्त उंचवट्यांवर ओढला, खाचा काळ्याच ठेवल्या. कडांवर पेन्सिलीची भुकटी घासली, सांध्यात चिमूटभर गेरू भरला. बघणाऱ्याला वाटावं, पांडवांच्या अख्ख्या वनवासात ही गदा बाहेर पावसात पडून होती.

"आता बघतोच, कोण हसतंय ते," रामहरी म्हणाला.

सगळं दुखणं त्या हसण्याचंच होतं. गंगापूरजवळच्या त्याच्या गावात दर जत्रेला नाटक होतं. गेल्या वर्षी भीम झालेल्या रामहरीची गदा दुर्योधनाच्या मांडीवर आदळली, टुणकन उडाली आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचांच्या पायाशी जाऊन फुटली. तेव्हापासून गाव त्याला 'फुगा भीम' म्हणायला लागलं. त्याची बायको मंजुळाबाई गिरणीत दळण घेऊन गेली तरी बाया तोंडाला पदर लावायच्या. रामहरीला ते फार लागलं होतं. बापाच्या काळापासून भीम त्यांच्याच घरात होता. यंदा कुणी हसलं तर पुन्हा तोंडाला रंग लावायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. म्हणून तर संभाजीनगरात नाटकांचे सेट रंगवणाऱ्या भाचीला त्यानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

खुशीत येऊन त्यानं गदा एका हातानं गरगर फिरवली, या खांद्यावर टाकली, त्या खांद्यावर घेतली. मेघाचं हसू मावळलं.

"द्या इकडं," ती म्हणाली. "अजून एक हात मारते."

संध्याकाळी शाळेच्या वर्गात भीम तयार झाला. पीतांबर म्हणून त्यानं मंजुळाबाईच्या लग्नातला पिवळा शालू नेसला होता. गावची रीतच ती. इथले कौरव-पांडव आपापल्या बायकांच्या लग्नातल्या साड्या नेसून लढतात, कारण घरात त्याहून भारी कापड नसतं. मंजुळाबाईनं निऱ्या स्वतः खोचून दिल्या आणि बजावलं, "डाग पडला तर घरात पाय ठिवायचा नाय."

तेवढ्यात मेघा गदा घेऊन आली. ती तिनं स्वतःच्या अंगापासून चांगली लांब धरली होती. "सांभाळून, मामा. गोळा ओला आहे. ऑइलपेंट आहे, शालूला लागला तर जन्मात निघणार नाही."

रामहरी दोन पावलं मागं सरला. "अगं, पण मला लढायचंय!"

"लढा की. लांब धरून लढा."

शेजारी दुर्योधन झालेल्या गोकुळनं ते ऐकलं आणि बायकोची जांभळी पैठणी आवरून घेतली.

पडदा वर गेला. भीम आला तो दोन्ही हातांनी दांडा धरून, गुडघ्यांत वाकून, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत. हात सारखे ताणून धरल्यानं दंड थरथरायला लागले. कपाळावरून घाम निथळला. मांडव चिडीचूप झाला.

"आयला," मागून कुणीतरी म्हणालं, "यंदा खरीच आणली व्हय!"

शेवटच्या घावाला त्यानं गदा हळूहळू डोक्यावर नेली, खाली आणली आणि जीव खाऊन मांडीपासून वीतभर वर अडवली. गोकुळ त्याच्या आधीच पैठणी वाचवत, अगदी मनापासून ओरडत आडवा झाला. शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. सरपंच उभे राहून टाळ्या वाजवत होते. हसलं कुणीच नाही.

वर्गात परत आल्यावर रामहरीचा ऊर भरून आला. डोळे पुसताना मिशी वाकडी झाली, तरी त्याला भान नव्हतं. मंजुळाबाई मात्र त्याला ट्यूबलाइटखाली उभा करून एकेक निरी तपासत होती.

"एक ठिपका नाय," ती नवलानं म्हणाली. "एवढा वला रंग, अन् एक ठिपका नाय!"

"लई जपलं मी," रामहरी ताठ्यात म्हणाला.

मेघानं गदा मांडीवर घेतली आणि आपल्या पांढऱ्या ओढणीनं गोळा खसाखसा पुसला. ओढणी पांढरीच राहिली.

"दुसरा हात मारलाच नव्हता, मामा. रंग कालच वाळला होता. वजन तेवढं चढवायचं राहिलं होतं."