सहीखालची सही

कासार आंबोलीत राहणारे बशीरभाई पूर्वी कॉमिक्स काढायचे. त्यांच्या जुन्या चित्रांच्या सही केलेल्या प्रिंट मुलगा तौसीफ ऑनलाइन विकायचा. एकदा महाळुंग्याची एक बाई त्याच्याकडून घेतलेली प्रिंट घेऊन आली. "काका, ही अस्सल आहे ना? नकली निघाली तर मी पोलिसांत जाणार." बशीरभाईंनी भिंग लावलं. पेन्सिलीच्या सहीत छपाईचे ठिपके दिसले. कोपऱ्यात चहाचा डागही छापून आला होता. तो डाग फक्त त्यांच्या कपाटातल्या सही केलेल्या मूळ प्रतीवर होता. दारात उभ्या तौसीफने मान खाली घातली. "माझीच हाय," बशीरभाई म्हणाले आणि छापील सहीखाली पेन्सिलीने खरी सही केली. बाई खुशीत गेली. तौसीफ जवळ आला. "अब्बा, माफ करा. पुन्हा न्हाई करणार." बशीरभाईंनी पेन्सिल त्याच्या हातात दिली. "हितून पुढं सही तूच करत जा. आता माझीबी खोटीच झाली."